वैरण

“मावशी, पणजीचं ते रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे ना? पाठव की. मला एका पीसमध्ये वापरायचंय.”

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते आणि मी मटकी भिजत घालत होते. पीस म्हटलं की माझ्या पिढीला ब्लाउजपीसच आठवतो, त्यामुळे पहिले दोन क्षण मला काही उमगेना. मग लक्षात आलं. ती कविता म्हणते. गात नाही, म्हणते. मागे कुठलंसं संगीत सोडते, रेकॉर्ड करते आणि इंटरनेटवर टाकते. या प्रकाराला स्पोकन वर्ड म्हणतात आणि तयार झालेल्या एका ऐवजाला पीस. चोवीस वर्षांची आहे. पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते आणि रेकॉर्डिंग करताना डोक्यावरून गोधडी पांघरून बसते. त्याने म्हणे खोलीचा घुमारा येत नाही. गोधडी माझ्या आजीच्या हातची, म्हणजे तिच्या पणजीची.

तिच्या पहिल्या सात-आठ कविता मी ऐकल्या आणि मावशीच्या कर्तव्याला जागून ‘छान, छान’ म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांत बाई फार वेळा नदी होती. नदी नसली की वीज, वीज नसली की ज्वाला, आणि शेवटाला आदिशक्ती ठरलेली. मागे पियानोचे तेच चार सूर, अखेरच्या कडव्याला ढोल. बाईला एकदा एवढं मोठं केलं की तिच्याकडून भांडी घासून घेता येत नाहीत, एवढीच काय ती त्यातली सोय.

मग एकदा तिने एक वेगळंच पाठवलं. रात्री कामावरून परतताना ती घराच्या किल्ल्या बोटांच्या बेचक्यांत धरते, टोकं बाहेर काढून, आणि रस्त्यावरचे दिवे मोजत येते. चौदावा दिवा बंद असतो. बस, एवढंच. मागे संगीत नाही, नुसती किल्ल्यांची किणकिण. ते मी तीनदा ऐकलं आणि तिला फोन करून रागावले, रिक्षा का करत नाहीस म्हणून. ती हसली. “म्हणजे जमलंय,” म्हणाली.

तिच्यामुळेच मी निक्की जोव्हानी ऐकली. ही कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री १९४३ साली टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये जन्मली आणि २०२४ च्या डिसेंबरात गेली. १९७१ मध्ये तिने ‘ट्रूथ इज ऑन इट्स वे’ नावाची एक तबकडी काढली. त्यात ती आपल्या कविता म्हणते आणि मागे न्यूयॉर्क कम्युनिटी क्वायर हा गायकवृंद चर्चमधली गॉस्पेल गाणी गातो. भाचीने मला ती ऐकवली ती त्यामागच्या कारणासाठी. जोव्हानीला असं काहीतरी करायचं होतं, जे तिच्या आजीला ऐकावंसं वाटेल. आजी चर्चमध्ये जाणारी. नातीच्या धगधगीत कविता नुसत्या वाचून दाखवल्या असत्या तर तिने कितपत कान दिला असता कोण जाणे. म्हणून नातीने आजीच्या ओळखीचं गाणं खाली अंथरलं आणि त्यावर आपली कविता बसवली.

“बघ ना,” भाची म्हणाली, “तिने आजीसाठी केलं, मी पणजीला घेऊन करते.”

मी “बघते” म्हटलं आणि फोन ठेवला. रेकॉर्डिंग पाठवलं नाही. माझ्याकडे ती फाइल आहे, १७ मिनिटं ४० सेकंदांची. २०१८ च्या मे महिन्यात केलेली. दुसऱ्या वर्षी आजी गेली.

*

ते रेकॉर्डिंग करायचं मला सुचलं ते दुसऱ्यांची ऐकून. २०१७ च्या मार्चमध्ये ‘पारी’ने, म्हणजे पत्रकार पी. साईनाथ यांच्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह लोकांसमोर आणायला सुरुवात केली. काम त्यांच्या कितीतरी आधीचं. मूळचे फ्रान्सचे आणि नंतर पुण्याचेच होऊन गेलेले गी प्वातव्हाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांतून हे सुरू केलं. मुळशीकडच्या गरीब डोंगरी संघटनेतल्या बायका त्यांच्याबरोबर होत्या. वाढत वाढत ते हजाराहून जास्त गावांत पोचलं. तीन हजारांहून अधिक बायकांनी सांगितलेल्या १,१०,००० च्या वर ओव्या कागदावर उतरल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल नावाचे संगीताचे अभ्यासक टेप घेऊन आले आणि आवाजही साठवला गेला. प्वातव्हाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. त्यानंतर तो सगळा ठेवा पारीकडे आला.

मी ते ऐकायचे ऑफिसला जाताना, बसमध्ये, कानात बोंडं घालून. पहिल्या दिवशी माझी निराशाच झाली हे कबूल करते. एकच चाल, तीच तीच. ओळीचं पहिलं अर्धं म्हणायचं, मागे येऊन पुन्हा तेच, मग पुढचं. मधे ‘गं बाई’, मधे ‘असं’. नाट्यगीतांवर वाढलेल्या माझ्या कानाला त्यात गाणं सापडेना. चार-पाच दिवसांनी उलगडा झाला. ही गाणी नव्हेतच, हे बोलणं आहे. चाल नुसती वाहून नेते, जशी डोक्यावरची चुंबळ घागर नेते. चालीला त्या बायकांचा शब्दही तसाच आहे, ‘गळा’. ‘या गळ्यावर म्हणते’, ‘तिचा गळा निराळा’. एका गळ्यावर शंभर ओव्या जातात, आणि तीच ओवी दुसऱ्या गावात दुसऱ्या गळ्यावर. ऐकणारीने लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या ओळीवर. पहिल्या ओळीत काहीतरी साधं असतं, दारातली तुळस, पायरीवरचा दगड, वाटेवरची बाभळ. दुसऱ्या ओळीत ती बाई हळूच सुरी फिरवते.

भाचीचं स्पोकन वर्ड याहून वेगळं काय करतं? आणि हे काही आजचं नाही. ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, चालुक्य राजा सोमेश्वराच्या नावावरच्या, एक ओळ आहे, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात अशी. ज्ञानेश्वरी त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी आली. ओवी म्हटलं की आपल्याला आधी ज्ञानेश्वर आठवतात आणि मग, आठवल्याच तर, उखळापाशी बसलेल्या बायका. क्रम खरा उलटा आहे. माउलींनी ओवी उचलली ती तिथूनच, असं मी मानते. कुणा विद्वानाला यावर वाद घालायचा असेल तर खुशाल घालावा.

या ओव्यांमधला एक शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. बाईच्या जन्माबद्दलच्या अनेक ओव्या आहेत. अस्तुरीचा जल्म नको देऊ रे देवा, असं त्यांतलं मागणं असतं आणि का नको, ते दुसऱ्या ओळीत. रात्रंदिवस परक्या घरची ताबेदारी, म्हणून. ताबेदारी! कष्ट नाही, सेवा नाही, गुलामीसुद्धा नाही. हा कचेरीतला शब्द. फारसीच्या वाटेने आलेला, हुजूर, हुकूम, फर्मान यांच्या पंगतीतला, अर्ज-विनंतीच्या खाली लिहायचा. कुठल्याशा वाडीतल्या, पाटीला हात न लावलेल्या बाईने तो कधीतरी नवऱ्याच्या किंवा तलाठ्याच्या तोंडून ऐकला असेल आणि बरोबर जागी नेऊन ठेवला. चूल, पाणी, धुणी, शेण हे प्रेमाने करायचं घरकाम नसून रीतसर हुकमाची चाकरी आहे, पगार सोडून सगळं तसंच, हे तिने एका शब्दात सांगितलं. पुढे बाईच्या घरकामाच्या मोबदल्यावर पुस्तकं निघाली, परिसंवाद झाले. त्या परिसंवादांत मीही चहा प्यायले आहे. पण ‘ताबेदारी’ला तोड देणारा शब्द मला तिथे कुणाकडून ऐकायला मिळाला नाही.

सीतेच्या ओव्यांतही तेच. तिथे राम देव असला तरी सीता देवी नाही, ती आपल्यातलीच सून आहे. कैकयी तिची सासू, आणि सासू जशी असते तशीच. सीतेला वनवास होतो तो बायकांच्या दृष्टीने सासुरवासाचा शेवटचा टप्पा. रानात ती बाळंत होते तेव्हा जवळ कोण होतं, बाळाला पाळणा कुठला केला, अंगाखाली काय घातलं, याची चौकशी या बायका करतात. लव आणि कुश त्यांच्या तोंडी लहू आणि अंकुस होतात. आख्यानं सांगणारे बाळंतिणीच्या अंथरुणाशी सहसा थांबत नाहीत.

आणि माजलगावच्या भीमनगरातल्या ओव्या. बीड जिल्ह्यातल्या या वस्तीतल्या बायकांची गाणी १९९६ मध्ये टेप केलेली आहेत. ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात पिढ्यानपिढ्यांची, पण पुढे देवाचं नाव यायच्या जागी येतात भीमराव. दुसरी, तिसरी करत बुद्ध येतो, धम्म येतो, रमाई येते. साचा जुना, जातंही जुनं, तोंडात घातलेला दाणा नवा. एखादा जुना साचा मोडून टाकण्यापेक्षा त्यात आपला माणूस बसवणं कधीकधी जास्त धारदार असतं, हे मला त्या बसमध्ये कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत अडकलेली असताना कळलं.

अजून एक. अभंगाच्या शेवटी नाव असतं. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’. जनाबाईने दळिता कांडिता देवाला गायलं, पण शेवटी ‘जनी म्हणे’ म्हणून सही केली. ओवीत सही नसते. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, माहेरच्या गावाचं येतं. ही नावं घालायला जागाच ठेवलेल्या असतात. म्हणणारीचं नाव तेवढं येत नाही. म्हणून त्या संग्रहात प्रत्येक ओवीखाली दिलेली माहिती मी मन लावून वाचायची. गायिकेचं नाव, गाव, तालुका, वय, मुलं किती, काम काय. शाळेच्या दाखल्यासारखी रूक्ष यादी. पण कुणाच्याही नसलेल्या ओळीला तिथे एक घर मिळतं. त्याआधीही ओव्या गोळा झाल्या होत्याच. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून तर ढिगाने. पण कागदावर येताना ओवीतले दम गळतात. ‘गं बाई’ म्हणताना घेतलेला श्वास छापता येत नाही. टेपवर तो येतो, शिवाय मागून कोंबडा येतो, मूल रडतं, आणि कुणीतरी “हळू गं” म्हणतं.

*

तर आजी.

आजोळ माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे. दुष्काळी मुलूख, बाजरीचा. मी फोनवर रेकॉर्डिंगचं अ‍ॅप घेऊन गेले आणि जेवणं झाल्यावर आजीसमोर धरलं. म्हटलं, ओव्या म्हण.

“कुठल्या वव्या?”

“जात्यावरच्या. तुला येतात की.”

“जात्यावरच्या त्या. हितं कुठं जातं हाय?”

मला वाटलं भाव खातेय. तर तसं नव्हतं. तिने खरंच आठवून बघितलं, डोळे मिटून, ओठ हलवून, आणि तीन-चार शब्दांवर अडकली. “न्हाई येत गं. हात हालल्याबिगर त्वांडात येत न्हाई.” ओव्या जमवणाऱ्यांना हा अनुभव ठिकठिकाणी आलेला आहे, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. पंच्याऐंशी वर्षांची बाई समोर बसून रिकाम्या हाताकडे बघतेय आणि हाताला आठवत नाही म्हणून तोंडाला आठवत नाहीये, हे बघणं वेगळं.

मग जात्याचा शोध. खालची तळी परसात होती, तिच्यावर तुळशीची कुंडी. वरची तळी न्हाणीपाशी, तिच्यावर बायका धुणं आपटायच्या. खुंटा कधीचाच गेलेला. मामाने बाभळीचा नवा खुंटा तासला, जरा जाडच झाला. टाकी लावायला आता कोण येतं? पूर्वी टाकीवाल्यांची आरोळी यायची गावात. मामाच छिन्नी-हातोडी घेऊन बसला आणि दगडाला खडबड आणून दिली. आजीने हात फिरवून बघितला आणि “बरा हाय, दातं आली म्हाताऱ्याला,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला तिने मला उठवलं. मी दिवसा करू म्हटलं होतं. तिला ते पटलंच नव्हतं. दळण दिवसा? सोप्यात अंधार, एक बल्ब. खाली जुनं लुगडं अंथरलेलं, सुपात बाजरी. फोन मी धान्याच्या डब्याला टेकवून ठेवला. ती एक पाय पसरून बसली, दुसरा मुडपून. मला समोर बसवलं. खुंट्यावर तिचे हात खाली, माझे वर. पहिल्या पाच फेऱ्यांतच माझ्या लक्षात आलं की ओढायचं अर्धं आणि सोडायचं अर्धं असतं. मी पूर्ण फेरी ओढत होते, त्यामुळे ते जातं माझ्याशी भांडत होतं. “ढकलू नगंस. माज्याकडं आलं की सोड.” मग डाव्या हाताने मूठभर बाजरी घ्यायची आणि तोंडात टाकायची, फिरत्या दगडाच्या, बोट न चेमटता. या मुठीला वैरण म्हणतात. आमच्या माणात वैरण म्हटलं की लोकांना आधी कडबा आठवतो, चारा-छावणी आठवते. जात्याच्या तोंडात घालायची तीही वैरणच. फार घातली की भरड पडते, कमी घातली की दगडावर दगड घासून पिठात कच येते. आजीची मूठ न बघता बरोबर पडायची.

आणि मग तिला येऊ लागल्या.

त्या मी इथे उतरवून देणार नाही. त्यांतल्या तीन मला पारीच्या संग्रहातल्या ओव्यांशी जवळजवळ जुळताना सापडल्या, मुळशीच्या आणि परभणीकडच्या बायकांच्या तोंडी. म्हणजे त्या सगळ्यांच्याच. चौथीत मात्र माझ्या पणजोबांचं नाव आलं, आणि ते कुणाला वाईट दिसेल अशा जागी आलं. आजी अठराव्या वर्षी या घरात आली. भिंतीपलीकडे सासू झोपलेली, त्यापलीकडे सासरा. “त्यांना ऐकू जायचं का?” मी विचारलं. “जायचं की,” आजी म्हणाली. “म्हनून तर म्हनायचं.” ओवी म्हणजे दुःखाचा हळवा हुंकार वगैरे आपण पुस्तकात वाचतो. निम्म्या तरी ओव्या हा टोमणा असणार, असं मला त्या दिवसापासून वाटतं. तोंडावर बोलायची सोय नाही, दळताना गाऊ नको असं कुणी म्हणू शकत नाही, आणि पीठ तर सगळ्यांनाच हवं. याहून सुरक्षित व्यासपीठ सुनेला दुसरं कुठलं मिळणार होतं?

मधेच मी जरा भावूक होऊन म्हटलं, किती छान होतं नाही हे, आता सगळं गेलं. आजीने जातं थांबवलं. रेकॉर्डिंगमध्ये हे स्पष्ट आलंय, नऊ मिनिटं बारा सेकंदांवर.

“काय छान व्हतं? गावात गिरण आली तवा मी नारळ फोडला. पोटुशी आसताना बी दळलंय. वली बाळंतीन आसताना दळलंय. तुज्या आईच्या टायमाला...” इथे ती थांबते आणि जातं पुन्हा फिरायला लागतं.

ओव्या गेल्या म्हणून हळहळणाऱ्या कुणालाही मी हे नऊ मिनिटं बारा सेकंदांवरचं वाक्य ऐकवायला तयार आहे. ज्यांनी दळलं त्यांतल्या एकीलाही जातं परत नको होतं. गाणं आणि कष्ट एकाच खुंट्याला होते. एक सुटलं तसं दुसरं सुटलं. यात दोष काढायचा तर कुणाचा? लग्नात हळद दळायला आपण आता जात्याला सुपारी बांधतो, पाच सवाष्णी हात लावतात, फोटो निघतो. तेवढंच उरलं. आजीच्या मते तेवढंच पुरेसं होतं.

*

शेवटी फाइल मी भाचीला पाठवली. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं आणि ते तिचंही आहेच. दोन दिवसांनी तिचा फोन.

“मावशी, यात जातं कुठंय?”

“म्हणजे?”

“जात्याचा आवाजच नाहीये. पणजी बोलते, गाते, पण मागे काही नाही. आणि तिचा आवाज मधे मधे कापलाय.”

मी इतकी वर्षं ते फोनच्या बारीक स्पीकरवर ऐकत होते आणि जात्याची घरघर मला ऐकू येत होती. ती माझ्या डोक्यात होती. फाइलमध्ये नव्हतीच. त्या अ‍ॅपमध्ये आवाज स्वच्छ करायची सोय आपोआप चालू असते. पंख्याची किंवा गाडीची एकसुरी घरघर ते हेरतं आणि पुसून टाकतं, माणसाचं बोलणं तेवढं ठेवतं. दगडाची घरघर त्याला पंखाच वाटली. शिवाय आजी ओळीच्या अखेरीला स्वर धरून ठेवायची, लांब, सपाट, जात्याच्या सुराला लावून. तोही त्याला पंख्याचाच भाग वाटला. म्हणून प्रत्येक ओवीचं शेवटचं अक्षर विरघळतं. बाकी टेपवाल्यांच्या काळातली गचाळ, कोंबड्यासकटची रेकॉर्डिंगं नीट राहिली आणि माझं स्वच्छ झालं.

भाचीने तरी प्रयत्न केला. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेका ठरवावा लागतो, मिनिटाला इतके ठोके असा. पणजी कुठल्याच ठेक्यात बसेना. सुरुवातीला जातं जड चालतं, मग लय येते, वैरण पडली की क्षणभर अडतं, मूठ संपत आली की हलकं होऊन पळतं, आणि ओवी त्याबरोबर ताणते आणि आखडते. “तिचा टेम्पो ड्रिफ्ट होतोय,” भाची म्हणाली. मी म्हटलं, ड्रिफ्ट होत नाहीये, ती दाणे दळतेय. यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने पियानो काढून टाकला. ढोलही. म्हणाली, एखाद्या मिक्सरचा आवाज घालून बघू का, माझ्या स्वयंपाकघरातला? मला हसू आलं, पण ती गंभीर होती, आणि खरं तर तिचं चुकतही नव्हतं. किल्ल्यांच्या वेळी तिने हेच केलं होतं.

तो पीस अजून पुरा झालेला नाही. मधेच कधीतरी ती मला एखादा तुकडा पाठवते आणि विचारते, इथे पणजी काय म्हणाली? अक्षर विरलंय. मला आठवलं तर मी सांगते. परवा तिने अकराव्या मिनिटाचा तुकडा पाठवला. इथे काहीच नाहीये, म्हणाली, कापून टाकू?

मी ऐकलं. आजी एक ओळ म्हणते, पहिली. जात्यावर जोडीने बसलं की रीत अशी, की एकीने पहिली ओळ टाकायची आणि समोरचीने दुसरी उचलायची. आजी ओळ टाकते आणि म्हणते, “उचल.” मग आठ सेकंद काही नाही. मी समोर बसले होते, खुंट्यावर हात होते, माझा हात एव्हाना बऱ्यापैकी फिरायला लागला होता. आणि मला दुसरी ओळ येत नव्हती. कुठलीच. जातं तेव्हाही फिरत असणार, पण ते पुसलं गेलंय, त्यामुळे ती आठ सेकंदं एकदम कोरी आहेत.

कापू नको, मी म्हटलं. पुढचं ऐक.

पुढे आजीचा आवाज आहे, हसत, जराशी दमलेली.

“बरं, ऱ्हाऊ दे. वैरण तरी घाल.”